दोन काचांमध्ये दाबलेली फुले बसवताना: नवशिक्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

पुण्यातील आमचे जुने घर पुनर्विकासासाठी पाडले जाणार हे निश्चित झाले, तेव्हा आईने अंगणात वाढवलेल्या झाडांची काही फुले जवळ राहावीत म्हणून मी ती जाड पुस्तकांत दाबून ठेवली आणि घर सोडल्यावर, ऐन जुलै महिन्यात, दोन काचांमध्ये बसवून त्यांची तसबीर करून घेतली. तीन आठवड्यांत काचेच्या आतल्या बाजूला धुके धरले, मग गोकर्णीच्या पाकळ्यांवर कापसासारखी राखाडी बुरशी दिसू लागली आणि गणपती येईपर्यंत सगळी तसबीर तपकिरी झाली. तोवर ती झाडे उरली नव्हती. त्याच गोकर्णीच्या शेंगा मावशीने पूर्वी नेल्या होत्या आणि तिच्या गच्चीत वेल वाढला होता, म्हणून मला दुसरी संधी मिळाली. प्रत्येकाला ती मिळेलच असे नाही. लग्नातील, बारशाच्या दिवसाची किंवा गेलेल्या माणसाच्या बागेतील फुले एकदाच हाती येतात, आणि ती वाया गेल्याचे दुःख मोठे असते. म्हणून मला जे उशिरा कळले ते येथे क्रमाने लिहीत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दोन्ही बाजूंनी पारदर्शक असलेल्या या तसबिरीत ओलावा शोषून घेणारा मागचा पुठ्ठा नसतो. साध्या तसबिरीत थोडी ओल राहिली तर ती कागदात आणि पुठ्ठ्यात मुरते. येथे तिला जायला जागाच नसते. जपानमधील ओशिबाना या कलेत चित्राच्या मागे आर्द्रता आणि प्राणवायू शोषणारे थर ठेवून ते काचेमागे हवाबंद करतात, पण आपल्याला आरपार दिसणारी तसबीर हवी असल्याने ती सोयही नाही. त्यामुळे फूल काचेत जाण्यापूर्वी पूर्ण कोरडे असणे आणि नंतर ते सादळू न देणे, या दोन गोष्टींवरच सारे अवलंबून असते.

लागणारे साहित्य

- टीपकागद आणि न छापलेला वृत्तपत्री कागद
- प्लायवूडचे दोन तुकडे आणि वजनासाठी विटा, किंवा चार कोपऱ्यांना बोल्ट व हाताने फिरवायचे नट असलेला दाबसाचा
- टपाल तिकिटे हाताळण्याचा चपट्या टोकाचा चिमटा, मऊ कुंचला, धारदार छोटी कात्री
- झाकण घट्ट बसणारा मोठा डबा आणि नारिंगी रंगाचे सिलिका जेल (ओल शोषून घेणारे दाणे)
- आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मापक
- सोन्याचांदीसाठी वापरतात तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा (नसला तरी चालेल, पण असल्यास फार उपयोगी)
- सारख्या मापाच्या, कडा घासलेल्या दोन काचा
- वातानुकूलन यंत्राची कामे करणारे वापरतात ती ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, किंवा दर्शनी कडेसाठी तांब्याची पातळ चिकटपट्टी
- पांढरा गोंद, टाचणी, कागद अडकवायचे मोठे चिमटे आणि जुन्या, अनेकदा धुतलेल्या धोतराचे सुती फडके

निळ्या रंगाचे सिलिका जेल सहज मिळते, परंतु त्यातील निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि तो विषारी आहे. घरात मुले असतील तर ते आणूच नये.

१. फुले निवडणे

पातळ, चपटी आणि कमी रसाची फुले सोपी जातात. कॉसमॉस, पॅन्सी, व्हर्बिना, फ्लॉक्स, गोकर्णी, शंकासूर, बोगनवेलीची रंगीत पाने (ज्यांना आपण फुले म्हणतो) आणि नेच्याची पाने यांपासून सुरुवात करावी. पांढऱ्या नाजूक भरावासाठी फुलोऱ्यावर आलेल्या कोथिंबिरीइतके चांगले काही नाही. कुंडीत धने टाकून ती फुलू द्यावी. बडीशेपेचा पिवळा फुलोराही असाच उपयोगी पडतो. झेंडू आणि शेवंती अखंड दाबण्याचा मोह टाळावा, कारण त्यांचा मधला जाड गोंडा आतून ओला राहतो. त्यांच्या पाकळ्या सुट्या करून दाबाव्यात आणि मांडणीच्या वेळी पुन्हा फुलाच्या आकारात रचाव्यात.

मोगरा, जाई, अनंत, चाफा ही आपली लाडकी फुले दाबल्यावर तपकिरी होतात, आणि ते टाळण्याचा घरगुती उपाय मला सापडलेला नाही. प्राजक्ताच्या पांढऱ्या पाकळ्या पिवळट आणि पारदर्शक होतात, पण देठाचा केशरी रंग बराच टिकतो. मी मुद्दाम प्राजक्त वापरते, कारण काचेतून प्रकाश आला की त्या फिकट पाकळ्यांमागे तो देठ सुंदर दिसतो. जास्वंदीत बुळबुळीत चीक असल्याने ती कागदाला चिकटते आणि काळपट जांभळी होते. लाल गुलाब जवळजवळ काळा पडतो.

रंगांविषयीची अपेक्षा सुरुवातीलाच योग्य ठेवावी. लाल, निळा आणि जांभळा रंग बहुतेक फुलांत अँथोसायनिन या द्रव्यांमुळे असतो आणि ही द्रव्ये प्रकाशाने तसेच आम्लता बदलल्यानेही पालटतात. झेंडूचा पिवळा-नारिंगी रंग कॅरोटिनॉइड गटाचा असतो, तर बोगनवेल आणि कोंबडा यांचा गुलाबी रंग बेटालेन या वेगळ्याच द्रव्यांचा असतो. कोणताही रंग कायम राहत नाही. काळजी घेतली तर तो हळूहळू उतरतो, नाही घेतली तर एका उन्हाळ्यात जातो.

येथे दोन सूचना. गाजरगवताची पाने आणि बारीक पांढरी फुले दिसायला नाजूक असतात, रस्त्याच्या कडेला मुबलक असतात आणि नवशिक्यांचा हात हमखास तिकडे जातो. परंतु त्या वनस्पतीमुळे त्वचेला तीव्र ॲलर्जी होऊ शकते, म्हणून तिला हात लावू नये. दुसरे म्हणजे कास पठारावरून एकही फूल आणू नये. पश्चिम घाटाच्या ज्या स्थळांचा समावेश युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत केला, त्यांत कास आहे आणि तेथे फुले तोडण्यास मनाई आहे. आपल्या कुंडीतील कॉसमॉस या कामाला पुरेसा असतो.

२. खुडणे

पाऊस न पडलेल्या दिवशी, दव पूर्ण उडून गेल्यावर, साधारण सकाळी ९ ते ११ या वेळेत फुले खुडावीत. भर दुपारी पाकळ्या मलूल झालेल्या असतात. नुकते पूर्ण उमललेले फूल घ्यावे. परागकण गळू लागलेले फूल काचेवर पिवळी धूळ सोडते. हारवाल्याकडील फुलांवर पाणी मारलेले असते, त्यामुळे ती विकत घेतल्यास पंख्याखाली तासभर पसरून वरचे पाणी जाऊ द्यावे. खुडल्यापासून दोन-तीन तासांच्या आत फुले दाबात गेली पाहिजेत.

३. दाबणे

प्लायवूडवर टीपकागद, त्यावर न छापलेला कागद, त्यावर एकमेकांना न टेकणारी फुले, पुन्हा कागद आणि टीपकागद, असे थर रचावेत. एका थरात सारख्याच जाडीची फुले असावीत, नाहीतर जाड फूल सगळा दाब घेते आणि शेजारचे पातळ फूल मोकळे राहून सुरकुतते. जाड देठ ब्लेडने उभा चिरून अर्धाच घ्यावा. ही तसबीर दोन्ही बाजूंनी पाहिली जाते, म्हणून काही फुले समोरून, काही मागून आणि काही कुशीवर दाबावीत. नंतर मांडणी करताना या विविधतेचे महत्त्व कळते.

पहिला कागद २४ तासांच्या आत बदलावा. नवशिक्यांची सर्वाधिक फुले या पहिल्या दिवशीच बिघडतात, कारण पहिल्याच रात्री फुलातील बरेच पाणी कागदात उतरते आणि तो ओला कागद तसाच राहिला तर फूल त्याच ओलीत पडून काळे पडते. त्यानंतर पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड आणि पुढे तीन-चार दिवसांनी कागद बदलावा. काढलेले टीपकागद उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतात. कोरड्या हवेत दोन आठवडे, दमट हवेत चार आठवडे, एवढा काळ धरावा. मायक्रोवेव्हमध्ये किंवा इस्त्रीखाली फुले काही मिनिटांत वाळतात हे खरे, परंतु ती ठिसूळ होतात आणि कडा करपतात. हातात भरपूर फुले असतील तर प्रयोग करावा, एकच फूल असेल तर करू नये.

४. फूल खरोखर वाळले आहे का, हे पाहणे

माझी पहिली तसबीर या टप्प्यावर बिघडली होती. बोटाला कोरडे लागणारे फूल कोरडे असतेच असे नाही. वैशाखात केलेला पापड उन्हात खडखडीत वाळतो, पण श्रावणात डब्याचे झाकण उघडे राहिले तर तोच पापड सादळून मऊ होतो. वाळलेली पाकळी अगदी अशीच वागते. भोवतालच्या हवेत जेवढा दमटपणा असेल, त्या प्रमाणात ती पाणी धरून ठेवते. जुलैमध्ये महिनाभर दाबलेले फूल त्या हवेच्या मानानेच कोरडे असते. ते दोन काचांमध्ये बंद केले की त्याच्यासोबत त्या हवेतील ओलही बंद होते. भोवतालची आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाढायला पुरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात घरातील हवा कित्येक दिवस त्याहून दमट असते.

म्हणून तीन परीक्षा कराव्यात. पहिली, फूल देठाच्या टोकाला चिमट्यात धरून आडवे उचलावे. ते झुकले तर कच्चे आहे, पुठ्ठ्यासारखे ताठ राहिले तर पुढे जावे. दुसरी, फूल अलगद ओठाला किंवा गालाला लावावे; ओल असलेली पाकळी गार लागते. तिसरी आणि सर्वांत विश्वासाची परीक्षा वजनाची आहे. सगळी फुले एका पातळ कागदात ठेवून त्या पुडीचे वजन करावे, पुडी सिलिका जेलच्या डब्यात ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करावे. वजन कमी झाले असेल तर अजून पाणी होते. सलग दोन दिवस वजन तेच आले की फुले तयार झाली असे समजावे.

डब्यात तळाशी सिलिका जेलचा दोन बोटे थर द्यावा, त्यावर जाळी किंवा पातळ कापड ठेवावे आणि मग फुलांची पुडी हलक्या वजनाखाली, म्हणजे दोन पुठ्ठ्यांत धरून ठेवावी, म्हणजे पाकळ्या वळत नाहीत. शेजारी आर्द्रतामापक ठेवल्यास आकडा ३० टक्क्यांच्या खाली उतरलेला दिसतो. नारिंगी दाणे हिरवट किंवा फिकट झाले की त्यांचे काम थांबले असे समजून ते वेष्टनावरील सूचनेप्रमाणे तापवून पुन्हा कोरडे करावेत. पावसाळ्यात किमान चार दिवस, एरवी दोन दिवस फुले या डब्यात राहावीत आणि काच बंद करण्याच्या क्षणीच ती बाहेर यावीत.

निवड करता येत असेल तर काचेचे काम फेब्रुवारी ते मे या काळात करावे. पुण्यात, नगरकडे किंवा मराठवाड्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात उन्हाळाही दमटच असतो. तेथे वातानुकूलित खोलीत, यंत्र तासभर चालू ठेवल्यानंतर काम करावे. फुले पावसाळ्यातीलच असतील तर घाई करण्याचे कारण नाही. ती टीपकागदात आणि मग डब्यात सुरक्षित राहतात, तसबीर पुढच्या मार्चमध्ये होऊ शकते.

५. कीड

वाळलेल्या फुलात न दिसणारी अंडी असू शकतात. त्यावर साधा उपाय म्हणजे पूर्ण वाळलेली फुले दोन पिशव्यांत हवाबंद करून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना आठवडाभर ठेवणे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नये, नाहीतर खोलीतील ओल थंड पाकळ्यांवर दव होऊन बसते आणि मागची सगळी मेहनत जाते. तसबिरीत कापूर किंवा डांबराची गोळी ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. हे पदार्थ हवेत उडून थंड काचेवर पांढऱ्या कणांच्या रूपात पुन्हा जमतात.

६. काच आणणे

पहिली तसबीर ८ × १० इंचांची करावी. काचेचे वजन काढणे सोपे आहे: १ मि.मी. जाडीच्या १ चौरस मीटर काचेचे वजन अडीच किलो असते. त्या हिशेबाने २ मि.मी. जाडीच्या ८ × १० इंची दोन काचांचे वजन सुमारे अर्धा किलो भरते, तर ३ मि.मी. जाडीच्या १२ × १६ इंची दोन काचांचे सुमारे १.९ किलो होते. लहान आकाराला २ मि.मी. काच पुरते.

काचवाल्याकडे दोन्ही काचा एकाच मापाला, एकापाठोपाठ कापून घ्याव्यात आणि तेथेच एकमेकींवर ठेवून चारही कडा जुळतात का ते पाहावे. एक मिलिमीटरचा फरकही पुढे चिकटपट्टीला पोकळी देतो. कडा घासून देण्यास सांगावे. काच तिरपी धरून ओरखडे आणि बुडबुडे पाहावेत. टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच मागवल्यास ती नंतर कापता येत नाही, हे लक्षात ठेवावे. शिवाय या आकाराला तिची गरजही नसते. काचा घरी नेताना उभ्या न्याव्यात, आडव्या ठेवल्यास रस्त्यातील एका खड्ड्याने तडकतात. ॲक्रिलिक हलके असते, पण त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि घासल्यावर स्थिर वीज निर्माण होऊन पाकळ्या उडून चिकटतात. मी ते या कामाला वापरत नाही.

काचा भांडी घासायच्या सौम्य द्रवाने धुवाव्यात, स्वच्छ पाण्याने दोनदा निथळाव्यात, सुती फडक्याने पुसाव्यात आणि तासभर उन्हात ठेवाव्यात. आत घेतल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्याव्यात. वर्तमानपत्राने काच पुसण्याची आपली जुनी सवय येथे नको, कारण शाई कडांना राहते. आतली बाजू ठरवून तिला पुन्हा बोट लावू नये. बोटाचा ठसा त्या दिवशी दिसत नाही, तसबीर उजेडात टांगल्यावर दिसतो.

७. मांडणी

एका पांढऱ्या कागदावर काचेच्या मापाचा आयत काढून त्याच्या आत चारही बाजूंनी १२ मि.मी. सोडून दुसरा आयत काढावा. काच या कागदावर ठेवावी आणि सर्व फुले आतल्या आयतात बसवावीत. बाहेरच्या पट्ट्यातील काही भाग चिकटपट्टीखाली आणि चौकटीच्या ओठाखाली, म्हणजे काचेवर येणाऱ्या तिच्या आतल्या कडेखाली, जाणार असतो, तेथे आलेली पाकळी अर्धी कापल्यासारखी दिसते.

आधी मोबाईलवर छायाचित्र घेऊन मांडणी निश्चित करावी, म्हणजे डब्यातून काढलेली फुले उघड्या हवेत तासन्‌तास राहत नाहीत. दोनपेक्षा जास्त थर एकमेकांवर येऊ देऊ नयेत. एखाद्या ठिकाणी जाडी वाढली की तेथे काच उचलली जाते, आणि मग भोवतालची पातळ फुले दाब न मिळाल्याने काही महिन्यांत घसरून खाली जमा होतात. मोकळी काच सोडायला घाबरू नये. आरपार तसबिरीत मागची भिंत किंवा आकाशही चित्राचा भाग होते, म्हणून तीन नेच्याची पाने आणि पाच कोथिंबिरीची फुले खच्चून भरलेल्या काचेपेक्षा अधिक शोभतात.

फूल जागेवर राहण्यासाठी टाचणीच्या टोकावर येईल एवढाच पांढरा गोंद जाड भागी, म्हणजे देठाला किंवा मध्यावर लावावा. मागच्या काचेतून गोंद दिसतो आणि त्यात पाणीही असते, म्हणून पाकळीला लावू नये. गोंद लावल्यावर काच आणि फुले सिलिका जेलच्या डब्यात पुन्हा एक रात्र ठेवावीत. डबा लहान असेल तर सगळेच एका मोठ्या हवाबंद पिशवीत जेलसह ठेवता येते. क्षणात चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद, ज्याला आपण फेविक्विक म्हणून ओळखतो, कदापि वापरू नये. त्याची वाफ काचेवर पांढरा थर देते आणि तो पुसण्यासाठी सगळे उघडावे लागते.

वरची काच ठेवताना पंखा बंद करावा. काच नुकतीच फडक्याने जोरात घासलेली असेल तर कोरड्या हवेत ती पाकळ्या ओढून घेते, म्हणून पुसल्यावर थोडा वेळ जाऊ द्यावा. काचेची एक कड खालच्या काचेच्या कडेला टेकवून, समोरच्या बाजूला दोन काड्यापेटीच्या काड्यांचा आधार देऊन, काड्या हळूच काढत ती खाली आणावी. नंतर कागद अडकवायचे चार चिमटे मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे घालून कडांना लावावेत. मध्यभागी जाड फूल असताना कोपऱ्यांना कडक चिमटे लावल्यास २ मि.मी. काच वाकून तडकते, तेव्हा चिमटे मऊ निवडावेत. आता तसबीर उभी करून हलकेच हलवावी, मागून पाहावी. धागा, केस, परागकण दिसले तर या वेळीच काढावेत.

८. कडा बंद करणे

ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीतून ओलावा जात नाही, म्हणून मी ती निवडते. साधी पारदर्शक चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून सुटते. रुंदीचा हिशेब असा: दोन काचांची मिळून ४ मि.मी. कड आणि दोन्ही तोंडांवर ४-४ मि.मी., म्हणजे १२ मि.मी. रुंद पट्टी कापावी. चौकटीचा ओठ साधारण ६ मि.मी. आत येतो, त्यामुळे पट्टी त्यामागे पूर्ण झाकली जाते. एका कडेचा चिमटा काढून त्या कडेला पट्टी लावावी, लाकडी चमच्याच्या पाठीने घासून बसवावी आणि मगच पुढच्या कडेकडे वळावे. कोपऱ्यावर पट्टी ५ मि.मी. पुढे नेऊन दुमडावी. ओल नेहमी कोपऱ्यातून शिरते.

सिलिकॉन लावण्याचा विचार असल्यास व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार टाळावा. तो सुकताना ॲसिटिक आम्ल बाहेर टाकतो आणि बंद काचेत ते आम्ल फुलांचे रंग बदलते.

९. चौकट करून घेणे

फ्रेमवाल्याला नुसते माप सांगू नये, बंद केलेली काचजोडी त्याच्या हातात द्यावी. “आठ बाय दहा” म्हणजे ओठाच्या आतले माप की काच जिच्यात बसते त्या खाचेचे माप, यावरून गोंधळ होतो आणि मोठी झालेली चौकट काचेला धरत नाही. खाच किमान ३ सूत, म्हणजे साधारण साडेनऊ मि.मी. खोल हवी, म्हणजे काचजोडी बसून मागून बिडिंगची, म्हणजे काच धरून ठेवणारी बारीक, पट्टी लावता येते. मागची बाजू उघडीच ठेवायची आहे, ही सूचना मुद्दाम द्यावी, कारण नेहमीच्या कामाच्या सवयीने कारागीर मागे हार्डबोर्ड ठोकण्याची तयारी करतो. माझ्या एका तसबिरीचे असेच झाले आणि ठोकलेले खिळे काढताना काचेचा कोपरा उडाला. बिडिंग छोट्या स्क्रूंनी बसवायला सांगावी. हातोडीच्या हादऱ्याने आतली फुले सरकतात. काच आणि लाकूड यांत एखादा मिलिमीटर मोकळा ठेवावा, कारण लाकूड पावसाळ्यात फुगते.

१०. टांगणे आणि पहिला पावसाळा

आरपार तसबीर खिडकीत टांगावी असे प्रत्येकाला वाटते, मलाही वाटले होते. साध्या काचेतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो आणि दृश्य प्रकाशानेही रंग उतरतो, तेव्हा थेट ऊन पडणारी जागा नको. उत्तरेची खिडकी सुरक्षित मानली जाते, पण आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो हे विसरू नये: पुण्या-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येते. त्या काळात तसबीर काढून आत ठेवावी किंवा पडदा ओढावा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात दाबलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. अशा संग्रहांत नमुने बंद कपाटांत, कोरडे आणि अंधारात ठेवतात, म्हणूनच दशकानुदशके अभ्यासता येतात. आपण इतके करू शकत नाही, पण फिकट रंगाची आतील भिंत निवडू शकतो. तिच्यावर पडलेली फुलांची पुसट सावली पाहण्यासारखी असते.

पावसाची ओल झिरपणारी भिंत, स्नानगृहाला लागून असलेली भिंत आणि स्वयंपाकघर टाळावे. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवून तसबीर भिंतीपासून थोडी सुटी ठेवावी. भोक पाडून गट्टू आणि स्क्रू बसवावा, आणि चौकटीला दोन बाजूंना दोन कड्या घ्याव्यात. ही तसबीर परदेशातील आप्तांना पाठवायची असल्यास आधी तेथील नियम पाहावेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये वाळलेली फुलेसुद्धा सीमाशुल्क तपासणीत जाहीर करावी लागतात.

पहिल्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर दर आठवड्याला सकाळी बॅटरीचा उजेड तिरपा टाकून काचेच्या आत पाहावे. धुके किंवा पांढरट ठिपके दिसले तर उन्हात ठेवून ते घालवण्याचा प्रयत्न करू नये; उष्णतेने फुलातील ओल काचेवर येते आणि रात्री पुन्हा फुलात शिरते. त्याच दिवशी बिडिंग काढून पट्टी कापावी, काचा अलग कराव्यात आणि फुले, ज्या काचेला चिकटली असतील त्या काचेसह, आठवडाभर सिलिका जेलमध्ये ठेवून चौथ्या टप्प्यातील वजनाची परीक्षा पुन्हा करावी. बुरशी धरलेले फूल वेगळे काढावे, बाकीची बहुधा वाचतात.

चौकटीच्या खालच्या लाकडावर, मागच्या बाजूला, फुलाचे नाव, खुडल्याची तारीख आणि ठिकाण पेन्सिलीने लिहून ठेवावे. शाई पुढे फिकी पडते. मावशीच्या गच्चीतील गोकर्णीच्या तसबिरीमागे मी तिच्या घराच्या पत्त्याखाली आमच्या जुन्या घराचाही पत्ता लिहिला आहे, कारण बी तेथले होते.